साडेचारशे भाषा आणि एक फर्मान

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, आपल्या पदरी तोफा किती, विमाने किती आणि जहाजे किती यांची खानेसुमारी तोंडपाठ असतानाही, आपली संगणकयंत्रे एकंदर किती भाषांत कारभार करतात असा एक अनपेक्षित प्रश्न पडला. आणि त्या प्रश्नाचा तपास जसजसा पुढे गेला तसतसे खात्याच्या निरनिराळ्या प्रकल्पांत मिळून साडेचारशेच्या घरात संगणकभाषा व त्यांच्या पोटभाषा सुखेनैव नांदत असल्याचे उघडकीस आले. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. येथे ती टेबलागणिक बदलत होती. एका क्षेपणास्त्रासाठी लिहिलेला मजकूर शेजारच्या विमानाच्या कामी येऊ नये, ज्या मक्तेदाराने भाषा काढली त्याच्यावाचून तिच्यातील चूक दुसऱ्या कोणास दुरुस्त करता येऊ नये, आणि मक्तेदाराने दुकान बंद केल्यावर त्या भाषेचे उत्तरकार्यही खात्यालाच करावे लागावे, अशी ती एकंदर अवस्था होती.

या अनवस्थेवर खात्याने जो उपाय योजला तो जगातील यच्चयावत सरकारांच्या लौकिकाला शोभण्यासारखा होता. साडेचारशे भाषांचा उपद्रव कायमचा नाहीसा करण्यासाठी, एक समिती नेमून, चारशे एकावन्नावी भाषा सिद्ध करण्याचे ठरले. १९७५ साली बसलेल्या या समितीने नवी भाषा कशी असावी याचा पहिला मसुदा प्रसृत केला, तेव्हा टीकाकारांनी तो निःशंकपणे लाथाडावा या उदार हेतूने त्याला ‘गवताचा माणूस’ असे नाव दिले. टीका झाल्यावर गवताचा माणूस लाकडाचा झाला, लाकडाचा कथलाचा झाला, कथलाचा लोखंडाचा झाला, आणि १९७८ साली तो पोलादाचा होऊन उभा राहिला. शेरे पडून पडून मसुदा अखेर लगदा होतो असा आपल्याकडील कचेऱ्यांचा अनुभव. येथे उलट प्रत्येक शेऱ्यासरशी तो अधिकाधिक कठीण होत गेला. या पुतळ्याच्या अंगाला बरोबर बसेल अशी भाषा शिवण्यासाठी, तो लोखंडाचा असतानाच, चार मंडळ्या निवडण्यात आल्या, आणि परीक्षकांच्या मनात पक्षपात येऊ नये म्हणून त्यांची मूळ नावे झाकून त्यांना हिरवी, तांबडी, निळी व पिवळी अशी रंगांची नावे देण्यात आली. १९७९ मध्ये हिरवी मंडळी जिंकली. आणि रंग उतरवून पाहतात तो अमेरिकेच्या सैन्याची भावी भाषा ज्याँ इश्बिया नामक एका फ्रेंच गृहस्थाच्या नेतृत्वाखाली तयार झालेली!

बारसेही मोठ्या थाटाचे झाले. कविवर्य बायरन यांची कन्या ॲडा लव्हलेस, जिने १८४३ साली चार्ल्स बॅबेजच्या कधीही पुऱ्या न झालेल्या यंत्राविषयी मोठी मार्मिक टिपणे लिहिली, तिचे नाव या भाषेला देण्यात आले. लष्करी मानकाचा क्रमांक तिच्या जन्मसालावरून १८१५ असा ठेवण्यात आला, आणि त्या मानकाला मंजुरी मिळाली ती १९८० सालच्या १० डिसेंबरला, म्हणजे तिच्या वाढदिवशी. तोफा-बंदुकांच्या दप्तरात इतके काव्य एकाच वेळी घुसल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

भाषा झाली, नाव झाले, आता तिचा वापर तेवढा उरला होता. आणि तो व्हावा म्हणून हुकूम काढणे प्राप्त होते. आरंभी खात्याची फर्माने आणि पुढे १९९१ पासून प्रत्यक्ष कायदा असा दुहेरी आधार ॲडेला लाभला. कायद्याचा आशय असा की, किफायतशीर असेल तेथे संरक्षण खात्याचे सर्व सॉफ्टवेअर याच भाषेत लिहिले जावे. मुखत्यार अधिकाऱ्याने खास सूट दिली असल्यास गोष्ट वेगळी. ज्याने आयुष्यात एखादे तरी सरकारी परिपत्रक सावकाश वाचले आहे त्याला या वाक्यातील भिंती दिसत नाहीत, दोन खिडक्या तेवढ्या दिसतात. आणि मक्तेदारांची दृष्टी तर आपल्याहून पुष्कळच तीक्ष्ण असते. सूट मागण्यात येऊ लागली, सूट मिळू लागली, आणि सुटीच्या त्या वाटेने सी नावाची भाषा, जिला कोणत्याही समितीने जन्म दिलेला नव्हता आणि जी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी, आपल्या व आपल्या स्नेह्यांच्या कामाची सोय व्हावी एवढ्याच हेतूने रचली होती, ती खात्याच्या वाड्यात येऊन बसली. १९९७ साली ॲडेची सक्ती उठली. मधल्या काळात भाषांची संख्या साडेचारशेवरून सदतीसवर आली असे सांगतात, आणि ही गोष्ट उपेक्षणीय आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या सदतिसांतल्या छत्तिसांनी हुकूम वाचलाच नव्हता, हेही तितकेच खरे.

ॲडा ही भाषा वाईट होती असा कोणी या विवेचनावरून ग्रह करून घेऊ नये. ती चांगली, शिस्तीची, थोडीशी बोलकी आणि विलक्षण संशयखोर भाषा आहे, आणि बोइंग ७७७ सारख्या विमानाच्या पोटात बसून तिने लक्षावधी प्रवाशांना सुखरूप उतरविले आहे. तिच्यावर मोठा प्रहार केला तो टोनी होर या इंग्रज विद्वानांनी. १९८० साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान स्वीकारताना, मान देणारास चार गोड शब्द ऐकवावेत हा शिष्टाचार बाजूस ठेवून, जिथे जिवाशी गाठ आहे तिथे ही अवजड भाषा आहे त्या रूपात वापरू नका असा त्यांनी इशारा दिला. हेच होर १९६५ साली एका भाषेच्या रचनेत ‘कुठेच काही नाही’ असे दर्शविणारा एक निर्देश घालून बसले होते. तो निर्देश पुढे बहुतेक सर्व भाषांनी उचलला, त्याच्यापायी जगभरची यंत्रे वर्षानुवर्षे कोसळत राहिली, आणि २००९ साली होरांनी स्वतःच, ही आपली अब्ज डॉलरची चूक, असे भर सभेत सांगून टाकले. ‘काही नाही’ या वस्तूला एवढी किंमत वेदान्त्यांनीसुद्धा कधी दिली नसेल.

शिस्तीच्या भाषेनेही केव्हा केव्हा दगा होतो, याचे नमुनेदार प्रकरण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथे घडले. एरियन ५ या युरोपीय अग्निबाणाचे ते पहिले उड्डाण. त्याच्या दिशादर्शक यंत्रातील ॲडाभाषेचा मजकूर एरियन ४ या थोरल्या भावाकडून वारसाहक्काने आलेला होता. आणि थोरल्याचा वेग बेताचा असल्यामुळे एक विशिष्ट संख्या सोळा बिटांच्या खणात मावेल असे पूर्वसूरींनी गृहीत धरले होते. धाकटा अधिक दांडगा निघाला, संख्या खणाबाहेर गेली, आणि भाषेने आपल्या संशयखोर स्वभावानुसार ताबडतोब आक्षेप नोंदविला. पण त्या आक्षेपाची दखल घेण्याची व्यवस्थाच तेथे केलेली नव्हती, म्हणून मुख्य यंत्राने काम सोडले. अशा प्रसंगी कामी यावे म्हणून एक दुय्यम यंत्र सज्ज होते खरे. परंतु त्याचे शिक्षण अक्षरशः मुख्याच्याच वहीवरून झालेले असल्यामुळे, तेच गणित करून तेही, मुख्याच्याही क्षणभर आधी, बेशुद्ध पडले होते. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास अग्निबाणाच्या चिंध्या झाल्या. यातली मौज अशी की ज्या गणिताने हा अनर्थ केला त्याची, बाण जमिनीवरून उठल्यानंतर, एरियन ५ ला काडीइतकीही गरज नव्हती. पूर्वी ते चालू राहत असे म्हणून ते चालू ठेवण्यात आले होते. सरकारी कामकाजाशी ज्याचा संबंध आला आहे अशा कोणत्याही मराठी माणसाला हे कारण समजून घेण्यासाठी अग्निबाणशास्त्राची आवश्यकता भासणार नाही.

पण माझा आजचा मुख्य मुद्दा ॲडा हा नव्हेच. याच संरक्षण खात्याने त्यापूर्वी दोन दशके आणखी एका भाषेचे सुईणपण केले होते, आणि ते इतक्या निरुत्साहाने केले होते की ती भाषा अद्याप मरावयास तयार नाही. १९५९ च्या मे महिन्यात पेंटागॉनमध्ये एक बैठक भरली आणि तीतून तीन समित्यांची योजना निघाली: एक नजीकच्या काळासाठी, एक मध्यम पल्ल्याची आणि एक दूरदर्शी. दूरदर्शी समिती कधी स्थापनच झाली नाही. नजीकच्या काळाच्या समितीने, पुढे काही तरी उत्तम होईपर्यंत वेळ मारून नेण्यापुरते म्हणून, सहा यंत्रकारखाने आणि तीन सरकारी कचेऱ्या यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून काही महिन्यांत जी तात्पुरती भाषा तयार केली ती कोबोल. साठाहून अधिक वर्षे लोटली. ते तात्पुरतेपण अजून चालू आहे.

तिच्या आयुर्मानाविषयी खुद्द कर्त्यांनाही भरवसा नव्हता. समितीच्या संथ कारभाराला विटून हॉवर्ड ब्रोमबर्ग नावाच्या एका सभासदाने, १९६० च्या सुमारास, एका पाथरवटाकडून ‘कोबोल’ अशी अक्षरे कोरलेली थडग्यावरची शिळा करवून घेतली आणि ती संरक्षण खात्यातील चार्ल्स फिलिप्स या वरिष्ठांकडे रवाना केली. ती शिळा आज कॅलिफोर्नियातील संगणक इतिहासाच्या वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. जिच्यासाठी ती कोरली ती मात्र त्या संग्रहालयाच्या बाहेर, जगभरच्या बँकांत आणि विमा कंपन्यांत, रोजची रोजकीर्द लिहीत बसलेली आहे. १९६० च्या डिसेंबरात तर एकच कोबोल कार्यक्रम दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आला होता, आणि ज्या काळी एका यंत्राचा मजकूर दुसऱ्या यंत्राला परका असे त्या काळी हा थोडाथोडका चमत्कार नव्हता.

आता ॲडेला कायदा असून जे साधले नाही ते कोबोलला कायद्यावाचून कसे साधले, असा प्रश्न येतो. आणि त्याचे उत्तर माझ्या मते खात्याच्या हेतूत नसून खात्याच्या थैलीत आहे. कोबोलच्या वेळी खात्याने, लिहिणारांनो, अमुक भाषेत लिहा, असा हुकूम सोडला नाही. यंत्रे विकणारांना एवढेच कळविले की ज्या यंत्राला कोबोल समजत नसेल ते, काही सबळ कारण दाखविल्यावाचून, आम्ही विकतही घेणार नाही आणि भाड्यानेही घेणार नाही. एवढे कानी पडताच, कालपर्यंत आपापल्या भाषेचा पाठपुरावा करणाऱ्या कारखानदारांच्या यंत्रांना एकामागून एक कोबोल येऊ लागली. विक्रेत्याला गिऱ्हाइकाची भाषा नेहमीच लवकर येते. ॲडेच्या वेळी हीच सत्ता गिऱ्हाईक म्हणून न बोलता शाळातपासनीस म्हणून बोलू लागली. आणि शाळातपासनीस आला की शाळा त्या दिवसापुरती कशी चालते हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

कोबोलच्या घडणीत अमेरिकन नौदलातील ग्रेस हॉपर या बाईंचा मोठा वाटा होता, त्या स्वतः समितीत नसल्या तरी त्यांची आधीची भाषा समितीपुढे आदर्श म्हणून होती. यंत्राला आकड्यांऐवजी साध्या इंग्रजी वाक्यांतून सांगता आले पाहिजे असा या बाईंचा आग्रह, आणि त्या आग्रहाचे फळ म्हणून कोबोलचा मजकूर हा एखाद्या जुन्या खरेदीखतासारखा वाचता येतो. खरेदीखतात जसे प्रथम लिहून घेणार कोण, लिहून देणार कोण, मौजे कोणते, मिती कोणती हे सगळे मांडल्यावाचून जमिनीच्या गोष्टीला हात घालावयाचा नाही, तसे कोबोलमध्ये पहिल्या विभागात कार्यक्रमाचे नाव, लिहिणाराचे नाव, लिहिण्याचे ठिकाण आणि तारीख. दुसऱ्या विभागात ज्या यंत्रावर तो चालावयाचा त्याचे वर्णन. तिसऱ्यात, पुढे येणाऱ्या प्रत्येक रकमेची चतुःसीमा, म्हणजे रुपयांचे अंक किती आणि पैशांचे किती. आणि एवढे सर्व सोपस्कार झाल्यावर, दमलेल्या वाचकासाठी, चौथ्या विभागात प्रत्यक्ष काम. वाक्य क्रियापदाने सुरू होते आणि पूर्णविरामाने संपते, आणि तो इवलासा पूर्णविराम चुकला तर ज्याला दंड व्हावयाचा त्याला बक्षीस मिळू शकते. भाषा कंटाळवाणी आहे, यात संशय नाही. पण दुसऱ्याचा पैसा ज्याच्या हाती आहे तो मनुष्य थोडासा कंटाळवाणा असावा असे मला नेहमीच वाटत आले आहे.

शिष्टांचे मत अर्थातच वेगळे होते. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच पंडितांनी १९७५ साली, कोबोलने बुद्धी पंगू होते, सबब ती शिकविणे हा गुन्हा समजला जावा, अशा अर्थाचे मत लिहून ठेवले. डाइक्स्ट्रा हे अलौकिक बुद्धीचे गृहस्थ होते आणि त्यांच्या तर्कशुद्धतेपुढे मी नतमस्तक आहे. मात्र हे मत, त्यांच्या इतर शेकडो टिपणांप्रमाणेच, लोकांच्या हाती पडावयाचे ते छायाप्रतींच्या रूपाने, आणि ही टिपणे आयुष्यभर त्यांनी बहुतांशी फाउंटन पेनने, वळणदार अक्षरात, हाताने लिहिली. संगणकाच्या भाषांविषयी इतकी कडक मते बाळगण्यासाठी संगणकापासून तेवढे अंतर राखणे हिताचेच असावे.

बँकेतल्या कारकुनाची बुद्धी पंगू झाली असेल, पण त्याचा हिशेब चुकत नाही, ही गोष्ट पंडितांच्या नजरेतून सुटली. आज ज्या भाषांची चलती आहे त्यांपैकी जावास्क्रिप्ट घ्या किंवा पायथन घ्या, आणि तिला एक दशांशात दोन दशांश मिळवून मागा. उत्तर येते ०.३०००००००००००००००४. हे शेपूट कोठून आले? तर या भाषा अपूर्णांक द्विमान पद्धतीत धरतात, आणि दशमानात जसा एक तृतीयांश कधी पुरा लिहून होत नाही तसा द्विमानात एक दशांश पुरा लिहून होत नाही. शास्त्रज्ञाला या शेपटाची पर्वा नाही, आणि नसावी. ताऱ्यांची अंतरे मोजताना एक कवडी इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. परंतु पतपेढीच्या वार्षिक सभेत हीच कवडी उठून उभी राहते आणि अध्यक्षांना प्रश्न विचारते. या भाषांत दशमान हिशेबाची सोय मुळीच नाही असे नव्हे, ती मुद्दाम मागावी लागते. कोबोल आरंभापासून माणसाप्रमाणे बोटे मोजून दहाच्या पटीत हिशेब करते, मागावे लागत नाही.

दुसरे उदाहरण २०१६ च्या मार्च महिन्यातील आहे, आणि ते मी नव्या पिढीची निंदा करण्यासाठी सांगत नसून केवळ करमणुकीसाठी सांगतो. एखाद्या शब्दाच्या डाव्या बाजूस मोकळी जागा भरून तो उजवीकडे सरकवावा, एवढेच काम करणारा अकरा ओळींचा एक मजकूर कोणा एका तरुणाने सार्वजनिक भांडारात ठेवला होता. त्या ओळी स्वतः लिहिण्याचे श्रम वाचावेत म्हणून असंख्य कार्यक्रम त्या अकरा ओळींवर अवलंबून राहिले होते, पुष्कळसे तर आपण अवलंबून आहोत हे ठाऊक नसताना. एके दिवशी त्या तरुणाचे भांडारचालकांशी एका नावाच्या हक्कावरून भांडण झाले, त्याने रागाने आपले सारे चंबूगबाळे आवरले, त्यात त्या अकरा ओळीही गेल्या, आणि काही तास जगातील नामांकित कंपन्यांची कामे खोळंबून राहिली. कोबोलमध्ये हे काम रकमेच्या वर्णनात दोन शब्द जोडून होते, आणि त्या दोन शब्दांचे कधी कोणाशी भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

भोके पाडावयाच्या ऐंशी रकान्यांच्या कार्डाच्या बेताने कोबोलचा मजकूर डावीकडे सात रकाने सोडून लिहावा लागे, आणि या समासावरून तरुण मंडळी तिची यथेच्छ थट्टा करीत. पुढे १९९१ साली पायथन आली. तिच्यात ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेवरूनच मजकुराचा अर्थ ठरतो. त्याच तरुणांनी याला सौंदर्य म्हटले.

कोबोल लिहिणारांकडून एक पाप मात्र घडले, आणि त्याचे पुण्य आपल्या पदरात पडले. जागा महाग होती, कार्ड अरुंद होते, म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याचा प्रघात पडला. आणि शतक संपत आले तेव्हा, नव्याण्णवानंतर शून्य आले की आपण १९०० साली परत जाणार, मग ज्याला निवृत्तिवेतन द्यावयाचे त्याचा जन्मच व्हावयाचा राहणार, असा साक्षात्कार साऱ्या जगाला एकदम झाला. अमेरिकेतील जाणकार निवृत्त झालेले, तरुणांना ही भाषा शिकणे कमीपणाचे वाटे. तेव्हा मुंबईतील सीप्झच्या इमारतींतून आणि पुण्यातील कचेऱ्यांतून, डाइक्स्ट्रांचे मत कधीच न वाचलेली शेकडो मराठी मुले त्या जुन्या दप्तरांत उतरली आणि सालामागून साल दुरुस्त करीत राहिली. गुन्हा समजावा असे जे शिक्षण, त्याच्या बळावर कोथरूड आणि डोंबिवली येथे किती सदनिकांचे हप्ते फिटले याचा हिशेब कोणी केला तर तो उद्बोधक होईल. तो कोबोलमध्येच करावा. आणि १ जानेवारी २००० च्या सकाळी फारसे काहीच घडले नाही, तेव्हा ज्यांनी ते घडू दिले नाही त्यांनाच, मग एवढा खर्च कशाला केला, असे विचारण्यात आले. २०२० च्या एप्रिलमध्ये महामारीने बेकार झालेल्या लोकांचे अर्ज न्यू जर्सीच्या जुन्या यंत्रांवर कोसळले, आणि तेथील राज्यपालांना पत्रकारांसमोर उभे राहून कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना साद घालावी लागली. शिळा कोरून तोवर साठ वर्षे झाली होती.

अलीकडे पुन्हा हुकुमांचे दिवस आले आहेत. सी भाषेत आणि तिच्या भावंडांत स्मृतीचा कोणताही कप्पा, तो आपला असो वा दुसऱ्याचा, बिनदिक्कत उघडता येतो, आणि चोरांचा मार्ग बहुधा तिथूनच जातो. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत व्हाइट हाउसच्या सायबर कचेरीने, स्मृतीच्या बाबतीत सुरक्षित अशा भाषांकडे वळावे, असा एक अहवालच काढला. आणि अशा भाषांत अग्रभागी असलेल्या रस्टचे जे अनुयायी आहेत त्यांना, आपल्या संप्रदायास राजाश्रय मिळाला, असे वाटून अपार हर्ष झाला. रस्ट ही उत्तम भाषा आहे. कोणती वस्तू कोणाच्या मालकीची, उसनी कोणी घेतली आणि परत केव्हा करणार, याचा सातबारा पाहिल्यावाचून ती मजकूर पुढे जाऊच देत नाही, आणि ज्याने तलाठ्याच्या कचेरीत दिवस काढले आहेत त्याला ती इतरांहून लवकर यावी. पण अहवाल म्हणजे हुकूमही नव्हे आणि थैलीही नव्हे. त्यात आर्जव आहे, आणि आर्जवाने कारखानदारांचे कप्पे बंद झाल्याचा दाखला इतिहासात सापडत नाही.

आपल्या केंद्र सरकारने २०१५ साली, सरकारी कामासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला पसंती द्यावी, असे धोरण जाहीर केले तेव्हा मला आनंद झाला होता, कारण यात बोट बरोबर विक्रेत्याकडे वळले होते. परंतु पुढे वाचतो तो, विक्रेत्याने मुक्तस्रोत वगळला असल्यास त्याचे कारण द्यावे, अशी त्यात तरतूद. पंचवीस वर्षे निविदा भरून ज्याची हयात गेली त्याच्याकडे कारण मागणे म्हणजे कीर्तनकाराला, दोन शब्द बोलता का, असे विचारणेच होय.

माझ्या हाती कधी सत्ता आलीच, येणार नाही, पण मसुदा तयार असलेला बरा, तर मी जे फर्मान काढीन ते येणेप्रमाणे. ‘यच्चयावत यंत्रविक्रेते, मक्तेदार व नूतनभाषाकर्ते यांसी ताकीद ऐसी जे, सरकारात जे सॉफ्टवेअर विकावयाचे त्याने दहा पैशांत वीस पैसे मिळविले असता तीसच पैसे झाले पाहिजेत, वर कवडी येता कामा नये. हरएक मजकुराच्या मस्तकी लिहिणाराचे नाव, ठिकाण व मिती असावी. बिननावाचा मजकूर बेवारस समजून सरकारजमा होईल. विक्रेता परागंदा जाहल्यास अडचण पडू नये, सबब मूळ मजकूर कुलुपकिल्ल्यांसुद्धा आधीच दप्तरी दाखल करावा. येविशी उजूर ऐकिला जाणार नाही. जुना कारभार नव्या भाषेत आणितो म्हणणाराने, जुना कारभार नेमके काय करीत होता, हे प्रथम लेखी द्यावे, आणि ते जुन्या कारकुनास वाचून दाखवून त्याची निशाणी घ्यावी. ज्यास नवी भाषा काढण्याची बुद्धी होईल त्याने आधी दहा वर्षे, दुसऱ्याने लिहून ठेविलेले पगारपत्रक, दुसऱ्याच्याच भाषेत, बिनतक्रार दुरुस्त करावे. त्याउपरी बुद्धी शिल्लक राहिल्यास खुशाल काढावी. या ताकिदीतून कोणास सूट पाहिजे असल्यास मिळेल. अर्ज तीन प्रतींत, ऐंशी रकान्यांच्या कार्डावर, डावीकडील सात रकाने मोकळे सोडून करावा, आणि पूर्णविराम विसरू नये. जाणिजे. मोर्तब सूद.’